मान मुलाला, धड मुलीला, स्क्रू हिच्याकडे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा बेस गिटार वाजवणे, सध्या निवृत्त, राहणार दंतवैद्यबाईंच्या दवाखान्याच्या बरोबर वर, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. पाठ ठिकाणावर नाही, पण वकीलबाई म्हणतात की कायद्याला पाठीशी कर्तव्य नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, की गोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. माझ्याशी गोड बोलायला घरात सध्या कोणाला फुरसत नाही.

हे मृत्युपत्र मी आनंदाने लिहीत आहे. बँडमध्ये गाणाऱ्याचं सगळे ऐकतात, गिटारवाल्याचं सगळे ऐकतात, ड्रमरचं तर पलीकडच्या गल्लीतलेही ऐकतात. बेसवाल्याचं कोणी ऐकत नाही. त्यातून माझा बोलायचा आवाजही वाजवण्याइतकाच खालचा. आयुष्यभर मी जे बोललो त्यातलं निम्मं "काय म्हणालात?" मध्ये वाया गेलं. मृत्युपत्राची गोष्ट वेगळी. आपल्याला काय मिळणार हे कळेपर्यंत माणूस कान टवकारून बसतो. म्हणून कोणाला काय द्यायचं ते मी मुद्दाम सावकाश सांगणार आहे. पुढची पानं आधी चाळू नयेत.

साक्षीदारांविषयी एक नियम वकीलबाईंनी समजावला, तो इथेच लिहून टाकतो. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर त्याला दिलेलं रद्द होतं. म्हणजे सहीसाठी अशी दोन माणसं शोधायची, ज्यांना आपण फुटकी कवडीही देणार नाही, आणि वर त्यांनाच चहाला बोलवायचं. मी आमच्या ड्रमरला विचारलं. तो म्हणाला, "म्हणजे मला काहीच नाही? एवढी वर्षं तुझ्या शेजारी बसलो, आणि शेवटी फक्त सही?" मी म्हटलं, तू बसला होतास, मी उभा होतो. तो अजून फुगलेला आहे, पण येतो म्हणाला. दुसऱ्या साक्षीदार दंतवैद्यबाई. त्या लगेच तयार झाल्या.

कलम पहिले. राहते घर, त्यातील भांडीकुंडी, कपाटे आणि बँकेत जे काही असेल ते सर्व मी माझ्या पत्नीस (जिचा उल्लेख यापुढे 'ही' असा येईल) देतो. यावर कोणाचीही तक्रार चालणार नाही. हिने माझ्याबरोबर सगळा संसार केला, पण माझा बेस हिला कधी ऐकू आला नाही. पहिल्या रांगेत बसायची, टाळ्या वाजवायची आणि घरी येताना विचारायची, "आज तुम्ही वाजवत होतात ना?" मी रागावलो की म्हणायची, "अहो, हात हलताना दिसत होता की."

कलम दुसरे. खालच्या मजल्यावरील दंतवैद्यबाईंना मी माझ्या पश्चात पूर्ण शांतता देतो. बाईंनी माझ्याविरुद्ध सोसायटीकडे जेवढे अर्ज केले तेवढे दात तरी काढले असतील का, शंका आहे. तरीही त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. एकदा त्या वर येऊन म्हणाल्या, "तुमचा तो सगळ्यात खालचा आवाज आला की माझ्या पेशंटचा चूळ भरायचा ग्लास थरथरतो. काल दुसऱ्या गाण्यात तुम्ही एकदा चुकलात, तेव्हाच काय तो थांबला." मी खरोखर चुकलो होतो. बँडमध्ये ते कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

कलम तिसरे. वाद्ये. इथे थोडी तुलना करणे भाग आहे, कारण कोणता बेस कोणाला का दिला हे न सांगता दिले तर माझ्यामागे भांडणे होतील. भांडणे या घरात पुरेशी आहेत. आमचे चिरंजीव वाद्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला हेच तासभर समजावतात आणि शेवटी पट्टा विकतात. मी थोडक्यात सांगतो.

रिकनबॅकर. दिसायला सगळ्यात देखणा. याची मान म्हणजे डोक्यापासून बुडापर्यंत एकच लांब लाकूड, आणि धडाचे दोन पंख तिला दोन्ही बाजूंनी चिकटवलेले. मान आणि धड वेगळं करायचं म्हटलं तर करवतच लागेल. आवाज टणटणीत, भांड्यावर चमचा पडावा तसा, आणि मला बेसमधून भांड्यांचा आवाज कधीच नको होता. हा आमच्या बँडमास्तरांना देतो. त्यांना वाजवता येत नाही, पण दिसण्याचं त्यांना भारी वेड. अट एकच की त्यांनी तो रंगवू नये. ही अट का घातली ते पुढे येईल.

म्युझिक मॅन स्टिंगरे. तारांखाली आवाज पकडणारं पिकअप एकच, पण दणदणीत, आणि आत बॅटरी. अंगठ्याने तार ठोकून वाजवणाऱ्यांचा हा लाडका. आवाज इतका स्वच्छ की चूकही स्वच्छ ऐकू येते. वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवली नाही तर बॅटरी उतरते, आणि बॅटरी उतरली की हा ऐन कार्यक्रमात मौन धरतो. म्हणून हा मी जावईबापूंना देतो. जावईबापू कोणाच्याही घरी गेले तरी रिकाम्या खोलीतला पंखा बंद करून येतात. त्यांच्याकडे ही बॅटरी माझ्यापेक्षाही जास्त जगेल.

यामाहा. सांगितलं ते करतो. सुरात राहतो, पावसापाण्यात कुरकुरत नाही, कोणी कौतुक केलं नाही म्हणून रुसत नाही. हा सूनबाईंना. हा टोमणा नाही. या घरात असं दुसरं कोणी नाही, एवढंच म्हणायचं आहे.

फेंडर जॅझ बेस. कंबर तिरकी, मान बारीक, पिकअप दोन. दोन्ही सारख्या जोरात ठेवली तर गुण्यागोविंदाने नांदतात. एकाचा आवाज कमी केला की दुसरं गुणगुणायला लागतं, आणि माणूस रात्रंदिवस बटणं फिरवत बसतो. हा मी आमच्या कीबोर्डवाल्याला देतो. या गृहस्थाने वर्षानुवर्षं डाव्या हाताने माझे सूर वाजवले. एका हॉटेलच्या मॅनेजरने तर विचारलं होतं, "बेसवाला कशाला हवा मग?" आता त्या डाव्या हाताला बटणं फिरवू दे.

गिब्सन मी एक ठेवला होता. त्याची मान धडात सरसाने चिकटवलेली. आवाज दाट, गोल, आमटी आटून घट्ट व्हावी तसा. गळ्यात अडकवून हात सोडला की डोकं खाली टाकायचा. स्टेजवर मान खाली घालून उभं राहायला मी एकटा पुरेसा होतो, म्हणून विकला. व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनरही काही दिवस होता. पोकळ, हलका, बोटांना सोपा आणि आवाजाने प्रेमळ. पण माझ्या पोटावर तो खेळण्यासारखा दिसतो असं हिने सांगितलं, आणि हिला दिसतं ते चांगलंच दिसतं.

राहिला फेंडर प्रिसिजन. माझ्या मते बेस म्हणजे हाच. एक पिकअप, तेही दोन तुकड्यांत. एक तुकडा जरा वर, दुसरा खाली सरकलेला. दोघं एका रेषेत नाहीत, पण एकाच वायरीला जोडलेले आहेत म्हणून घरघर होत नाही. एक बटण आवाजाचं, एक टोनचं. विचार करायला जागाच ठेवलेली नाही. आणि याची मान धडाला चार स्क्रूंनी बसवलेली. मागे लोखंडी पट्टी, तिच्यातून चार स्क्रू, बस्स. रिकनबॅकरवाले याला हसतात. पण जे सोडवता येतं ते पुन्हा आवळताही येतं, आणि याच चार स्क्रूंवर पुढचं सगळं मृत्युपत्र उभं आहे. तेव्हा कोणाला पाणीबिणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्यावं.

कलम चौथे. घरात दोन प्रिसिजन का आहेत, याबाबत. एक खराखुरा फेंडर, मी उमेदीत घेतलेला. दुसरा हिच्या धाकट्या भावाने केलेला. माझा हा मेहुणा सुतार. फेंडर पहिल्यांदा हातात घेऊन तो म्हणाला, "भावजी, यात आहे काय? एक फळी, एक दांडा आणि चार तारा. एवढ्याला एवढे पैसे? मी करून देतो." मी नको म्हणालो. ते त्याला ऐकू गेलं नाही. त्याने आमच्या जेवायच्या मेजाची एक बाजू कापली आणि त्यातून बेस केला. चार माणसांचं मेज तीन माणसांचं झालं. तेव्हापासून मी ताट हातात घेऊन उभ्याने जेवतो. मला उभं राहायची सवय आहे, असं ही तेव्हा म्हणाली होती.

बेस मात्र झकास वाजला. घरात त्याचं नाव 'मेज' पडलं. पुढे बँडमास्तरांच्या मनात आलं की सगळी वाद्यं बँडच्या कोटांसारखी दुधाच्या साईच्या रंगाची हवीत. रंगाऱ्याने फेंडर आणि मेज दोन्ही धडांपासून डोक्यांपर्यंत रंगवले. डोक्यावरचं कंपनीचं नावसुद्धा रंगाखाली गेलं. मग ओळख उरली ती पट्ट्यांची. फेंडरला चामड्याचा पट्टा, मेजाला कापडाचा.

त्यानंतर माझी पाठ गेली. फेंडरचं धड जड होतं, मेजाचं हलकं. पण मेजाची मान इतकी जाड की मेहुण्याने ती खाटेच्या पायावरून बेतली असावी. एका दुपारी, मुलं शाळेत असताना, मी दोघांच्या माना सोडवल्या आणि अदलाबदल केली. स्क्रू हिने वाटीत धरले होते. मेहुण्याने मेजाच्या धडाला भोकं मोजून नव्हे तर नजरेने पाडली होती, एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. त्यांच्यावर बसवायला मला फेंडरच्या मानेतली जुनी भोकं बुजवून नवी पाडावी लागली. चिरंजीवांनी हे वाक्य बसून वाचावे. भोकं मी काड्यापेटीच्या काड्या आणि सरस घालून बुजवली. त्यामुळे ती मान आता जगातल्या दुसऱ्या कुठल्याही धडाला बसत नाही, आणि ते धडही दुसरी कुठली मान घेत नाही.

मेजाचं धड आणि फेंडरची मान, असा बेस मी नंतर शेवटपर्यंत वाजवला. फेंडरचं धड मेजाची जाडी मान घेऊन दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेलं राहिलं, आणि येणारे-जाणारे त्याच्याकडे बघून "वा, अस्सल!" म्हणत राहिले. पट्टे आपापल्या धडांना तसेच.

कलम पाचवे. भांडणाबाबत. माझा थोरला मुलगा बेस विकतो आणि धाकटी मुलगी बेस वाजवते. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. चार वर्षांपूर्वी चिरंजीवांनी दुकानात तुलनेचा कार्यक्रम ठेवला. पडद्यामागून पाच बेस वाजणार, पडद्यासमोर बसून हे ओळखणार, समोर गिऱ्हाइकं आणि कॅमेरा. घरचे दोन्ही प्रिसिजनही नेले. वाजवायला अर्थात बहीण. मी कोपऱ्यात स्टुलावर.

चौथा बेस वाजला आणि चिरंजीव उभेच राहिले. "हा! हा आमचा फेंडर. डोळे झाकून सांगतो. पाळण्यात ऐकलाय हा आवाज मी. अहो, बहिऱ्यालाही कळेल!"

पडद्यामागून आधी हसू आलं, मग कापडी पट्टा गळ्यात घालून मुलगी आली. "दादा, अरे हे मामाचं मेज आहे!"

दुकान हसून लोटपोट झालं. एक गिऱ्हाईक मागे रेलता रेलता झांजांवर पडलं. मुलाचा चेहरा उतरला. "शक्य नाही. तू मुद्दाम बदललंस."

"मी कशाला बदलू? कान तुझे आणि दोष मला?"

"सगळ्यांसमोर फजिती करायची होती, केलीस."

"ओळखता येत नाही तर फुशारकी कशाला मारायची?"

मी स्टुलावरून सांगितलं, मान फेंडरचीच आहे, धड मेजाचं आहे, दोघंही बरोबर आहात. कोणी वळून पाहिलं नाही. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा उठून सांगितलं तेव्हा दोघं एका सुरात ओरडले, "बाबा, तुम्ही मध्ये पडू नका!" त्यानंतर दोघांनी एकत्र केलेलं काहीही मला आठवत नाही.

ती चित्रफीत सगळीकडे फिरली. दुकानात येणारी माणसं "काय मेजवाले, नवीन काय आलंय?" असं विचारू लागली. मुलाने धसका घेतला. मुलीने हट्ट धरला की त्याने एकदा स्वतःवर हसून दाखवावं, मग मी बोलते. मी फोनवर दोघांना खरं काय ते सांगून पाहिलं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचा आवाज येत नाहीये, मेसेज करा." मी बेसवाला आहे, मेसेजवाला नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, त्याची बाजू घेऊ नका," आणि ठेवून दिला. हिला म्हटलं, तू सांग, स्क्रू तू धरले होतेस. ही म्हणाली, "मला वाटलं त्यांना माहीत आहे. आणि मला त्यातलं काय कळतं? त्यात मेज माझं कापलं गेलं, ते कोणी काढत नाही."

तेव्हापासून घराला दोन पाळ्या आहेत. एक रविवार त्याचा, एक तिचा. तो आला की तिचा फोटो बघत नाही, ती आली की त्याने आणलेला केक खात नाही. ते एकमेकांशी जे बोलतात ते हिच्यामार्फत. मला याचं फार वाईट वाटतं. मला दोघं एकाच रविवारी घरात हवी आहेत. माझी एवढीच इच्छा आहे, बाकी सगळी कलमं भरतीची आहेत.

कलम सहावे. भिंतीवरील बेस, म्हणजे फेंडरचे धड आणि मेजाची जाडी मान, मी माझ्या मेहुण्यास देतो. त्याबदल्यात त्याने हिच्या मेजाची कापलेली बाजू नवीन करून द्यावी. मोजून करावी.

कलम सातवे. माझ्या रोजच्या बेसची मान, पडदे, खुंट्या आणि काड्यापेटीच्या काड्यांसह, मी माझ्या मुलास देतो. त्याने मान ओळखली होती. त्याचे कान तयार आहेत हे मी बाप म्हणून आणि बेसवाला म्हणून नमूद करतो.

कलम आठवे. त्याच बेसचे धड, पिकअप, बटणे आणि कापडी पट्ट्यासह, मी माझ्या मुलीस देतो. तिने धड ओळखले होते. तिच्याइतका सरळ हात मी बँडमध्ये पाहिला नाही. तारा कोणाच्या, असा प्रश्न येईल. त्यांचं एक टोक मानेला गुंडाळलेलं असतं आणि दुसरं धडात अडकवलेलं, म्हणून त्या दोघांच्या. त्या बदलू नयेत. मी कधीच बदलल्या नाहीत. नव्या तारा टणटण करतात आणि जुन्या तारा बोलतात. कोणी मला खूश करायला नव्या आणून घातल्या तर मी येऊन उभा राहीन.

कलम नववे. चार स्क्रू आणि मानेबरोबर आलेली मागची लोखंडी पट्टी, जिच्यावर फेंडरचा नंबर आहे, या मी हिला देतो. हिने त्या बटणांच्या डब्यात ठेवाव्यात आणि दोन्ही मुले एकदम दारात उभी राहिल्याशिवाय देऊ नयेत. एकट्याने येऊन गोड बोलणाऱ्यास चहा द्यावा, स्क्रू देऊ नयेत.

कलम दहावे. माझ्या म्हणण्याचा पुरावा त्याच चित्रफितीत आहे. दोघं भांडत असताना मागे माझा आवाज आहेच. ज्याला ऐकायचा असेल त्याने ती मोठ्या ॲम्प्लिफायरवर लावावी, वरचे सूर पूर्ण बंद करावेत आणि बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवावं.

सहीपूर्वीची नोंद.

वरील मजकूर कच्चा लिहून मी कपाटात ठेवला होता. तो हिने वाचला. चष्मा काढून म्हणाली, "हे सगळं तुम्ही गेल्यावर कशाला? तेव्हा बघायला तुम्ही असणार आहात का?" मी काही म्हणायच्या आत हिने भाजी चिरायच्या मेजावर बेस पालथा घातला, तारा उतरवल्या, स्क्रू काढले, मान गोधडीत गुंडाळून मुलाच्या दुकानावर पाठवली आणि धड मुलीच्या घरी.

दोघांचे फोन आले. मी शेजारीच होतो. "आई, बाबांना काही झालं का?"

"काही झालेलं नाही, धडधाकट आहेत. स्क्रू माझ्याकडे आहेत. रविवारी ये."

"हा रविवार कोणाचा?"

"माझा," ही म्हणाली आणि फोन ठेवला. दोघांनाही शब्दशः हेच.

आज रविवार. वकीलबाई सह्यांसाठी आल्या आहेत. मुलगा काखेत मान घेऊन आला, मुलगी धड घेऊन, आणि जिन्यात दोघं एकमेकांना वाट देत इतका वेळ उभे राहिले की शेवटी ही वरून म्हणाली, "या आता, मेलं नाही कोणी." मजकूर हिने मोठ्याने वाचून दाखवला, कारण मी वाचला असता तर काय उपयोग. मग दहाव्या कलमाप्रमाणे चित्रफीत लावली. बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. खिडक्यांच्या काचा हलल्या. घुमण्यापलीकडे कोणाला काही कळेना. दोघं कान देऊन बसले होते आणि मी मनात म्हटलं, संपलं, इथेही माझं कोणी ऐकत नाही.

तेवढ्यात दंतवैद्यबाई हातमोज्यांसकट वर आल्या. "आज रविवारी एक पेशंट, तोही तुम्ही पळवून लावताय! आणि 'मान फेंडरचीच आहे, धड मेजाचं आहे, दोघंही बरोबर आहात' हे तीन-तीनदा कशाला ओरडताय? खाली स्पष्ट ऐकू येतं."

मग मुलाने मान उलटी केली, बुडाशी बुजवलेली भोकं पाहिली आणि कळवळला, "बाबा! काड्या! फेंडरला काड्या!"

"म्हणजे दादा बरोबर होता?" मुलीने हिला विचारलं.

"त्यालाच विचार की," ही म्हणाली, आणि डब्यातले स्क्रू मेजावर ओतले.

मुलाने स्क्रू लावायला घेतला. मुलगी बघत होती. तिला राहवेना. "तिरका जातोय."

"मामाचं भोकच तिरकं आहे."

"मग तसाच घाल. मी धड धरते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलं नाही. तारा चढवल्या, मुलीने वायर लावून सगळ्यात खालची तार वाजवली. मुलगा डोळे झाकून म्हणाला, "चार नंबर."

"मेजवाल्या," ती म्हणाली. आणि तो हसला. चार वर्षं जे हसायचं राहिलं होतं ते सगळं हसला. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "वाजवताय का कोणी?"

आता सह्या. ड्रमर अजून आलेला नाही. जन्मभर ताल धरला, वेळ धरता आली नाही. दंतवैद्यबाईंपुढे कागद ठेवला, तर त्यांनी दुसऱ्या कलमावर बोट ठेवलं. "मला शांतता मिळतेय ना? मग मी लाभार्थी. सही केली तर शांतता रद्द." वकीलबाईंनी पुष्कळ विचार केला आणि मुद्दा बरोबर आहे असं म्हणाल्या. "आता साक्षीदार कुठून आणायचे?"

मुलाने विचारलं, "साक्षीदाराने सही केली तर त्याला दिलेलं रद्द होतं ना?" वकीलबाई हो म्हणेपर्यंत त्याने पेन उचलून सही केली होती. मुलीने त्याच्या हातातून पेन ओढून घेतलं.

साक्षीदार पहिला: (सही) मुलगा, वाद्यविक्रेता, मेजवाला.

साक्षीदार दुसरी: (सही) मुलगी, बेसवादक. याची सही माझ्या वर आहे ती केवळ हा थोरला म्हणून.

वकिलांचा शेरा: साक्षीदार हेच लाभार्थी असल्याने कलम सात व आठ रद्दबातल झाले आहेत. मान व धड वेगवेगळे देता येणार नाही. मृत्युपत्र नव्याने करावे लागेल.

लिहून ठेवणार: (सही) करू. घाई नाही.

स्थळ: जेवायचे मेज. तीन माणसांचे आहे, पाच बसली आहेत, मी उभा आहे.

दिनांक: रविवार, हिचा.